कस्तुरीबैलांचे कडे

उत्तर ध्रुवप्रदेशातील कस्तुरीबैलांविषयी वाचताना आमचे मन प्रथम त्यांच्या एकजुटीवर जडले. लांडगे चालून आले की हा केसाळ कळप वासरांना मध्ये घेऊन कडे करतो आणि शिंगे बाहेर रोखून उभा राहतो. धर्मगुरूला प्रवचनासाठी याहून सुंदर दृष्टान्त कोणता हवा?

परंतु कॅनडातील बँक्स आणि व्हिक्टोरिया बेटांवर २०१० नंतरच्या काही उन्हाळ्यांत हे कडे निरुपयोगी ठरले. एका जिवाणूच्या संसर्गाने धडधाकट जनावरे अचानक मरून पडली. बँक्स बेटावर २००१ साली सुमारे ६८ हजार कस्तुरीबैल होते. २०१४ साली सुमारे १४ हजार उरले. या घटीला इतर कारणेही असतील, परंतु रोगाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

असे का व्हावे? मॅमथच्या काळापासून तग धरून राहिलेल्या या प्राण्याचा वंश वारंवार थोडक्या जनावरांवर येऊन ठेपला. त्यामुळे त्याचे जनुकीय वैविध्य अत्यंत तोकडे आहे. ज्या रोगापुढे एक हतबल, त्यापुढे बहुधा सारेच हतबल, अशी भीती शास्त्रज्ञांना वाटते. आजवर कडाक्याची थंडीच त्यांची राखणदार होती. त्यांच्या फुफ्फुसात शिरणारा एक कृमी आधी गोगलगायीच्या शरीरात वाढतो. त्या वाढीला पूर्वी दोन उन्हाळे लागत. तापलेल्या हवामानात एकच पुरतो. २००८ साली हा कृमी व्हिक्टोरिया बेटावर प्रथमच आढळला. राखणदार दुबळा झाला आणि वारशातील उणीव उघडी पडली.

याच बेटावरील उलुखाकटोक गावी फादर हेन्री तार्दी या ऑब्लेट मिशनऱ्याने १९६१ साली इन्युइट बांधवांना सहकारी संस्था उभारण्यास साहाय्य केले. तेथील लोकांना मांस आणि ऊबदार लोकर देणारा हाच प्राणी. ध्रुव तापविणारा धूर मात्र प्रामुख्याने त्यांच्या चुलीतला नव्हे.

एकजूट आणि एकसारखेपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. संत पौलाने करिंथकरांना ख्रिस्तसभा समजावून सांगताना एकाच शरीराच्या भिन्न अवयवांचा दाखला दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात प्रत्येक जीवजातीला स्वतःचे मोल असल्याचे सांगितले. आम्ही धर्मग्रामात ऐक्याचा आग्रह धरतो, तो योग्यच आहे. परंतु वेगळा विचार, वेगळी बोली, वेगळी देणगी घेऊन येणाऱ्याला कड्याबाहेर ठेवून ते ऐक्य साधू नये. कोणती देणगी कोणत्या संकटात तारील, हे निर्माणकर्त्यालाच ठाऊक. आणि एकदा हरवलेले वैविध्य पिढ्यान्‌पिढ्या परतून येत नाही.