जबानी आणि जोडणी

वकिलाला गोष्ट सांगता येते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो किती पोकळ आहे, हे बेळगावच्या शहापुरात राहणाऱ्या माझ्या मामांवर एक छोटासा अनुबोधपट करू लागलो तेव्हा मला कळले.

मामा तरुणपणी हौशी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांची 'सौभद्रा'तील सुभद्रा पाहिलेले लोक आता मोजकेच उरले आहेत. पुतणीने मामांचे अकरा तासांचे चित्रीकरण केले. संकलन मी हौसेने अंगावर घेतले. जन्म, शाळा, पहिली भूमिका, नोकरी, विवाह अशी तारीखवार मांडणी केली. ती पाहून पुतणी म्हणाली, "काका, ही तर दाव्यातली कैफियत झाली. यात गोष्ट कुठे आहे?"

मग मी शिकू लागलो. नाट्याचा आरंभ जन्मतारखेपासून होत नाही. तो पेचापासून होतो. १८८२ साली प्रथम रंगभूमीवर आलेले किर्लोस्करांचे 'सौभद्र'च घ्या. सुभद्रेचे मन अर्जुनावर, आणि बलरामाने तिचा विवाह ठरविला दुर्योधनाशी! मनात एक आणि वाट्याला दुसरे, एवढे कळले की प्रेक्षक सावरून बसतो. मामांच्या आयुष्यातही असा पेच होता. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी सव्विसाव्या वर्षी रंगभूमी सोडली होती. तेव्हा चित्रपटाचा आरंभ तेथूनच केला. उत्कर्षबिंदूसाठी प्रश्न राखून ठेवला, "मामा, पश्चात्ताप होतो का?"

मामांचे उत्तर होते, "छे!" एवढे बोलून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला होता.

यावर उत्कर्ष कसा साधणार? दुसऱ्या एका ठिकाणी, दिवंगत मामींविषयी बोलता बोलता, त्यांचे डोळे भरून आले होते. ते अश्रू उचलून मी या प्रश्नाच्या पुढे जोडले. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याचा प्रयोग मी वाचला होता. नटाचा एकच निर्विकार चेहरा. पण शेजारी कधी सूपाची वाटी, कधी शवपेटी ठेवली की प्रेक्षकाला त्यात भूक किंवा शोक दिसू लागतो. माझी जोडणीही तशीच साधली.

मामांनी ती शांतपणे पाहिली. मग म्हणाले, "अरे, रडलो ते खरंच. पण ते तुझ्या मामीसाठी. ते तू सुभद्रेला देऊन टाकलंस."

साक्षीदाराचे अर्धे वाक्य वाचून दाखविणाऱ्या प्रतिपक्षावर मी वीस वर्षे हरकत घेत आलो आहे. न्यायालयात निदान उलटतपासणी तरी असते. येथे माझ्या कात्रीसमोर मामांच्या बाजूने कोणीच उभे नव्हते. आणि हीच कला न्यायाच्या कामीही येते. एरल मॉरिस याच्या १९८८ च्या 'द थिन ब्लू लाइन' या चित्रपटात डॅलस येथील एका पोलिसाच्या १९७६ मधील खुनाची रात्र निरनिराळ्या जबान्यांनुसार पुन्हा पुन्हा उभी केली आहे. जबान्यांतील विसंगती प्रेक्षकासमोर उघडी पडते. त्या खटल्यात शिक्षा झालेला रँडल अ‍ॅडम्स १९८९ साली सुटला. नाट्य तेथेही आहे. पण कोणाचे अश्रू दुसऱ्या कोणाच्या नावे चढविलेले नाहीत.

त्या रात्री मी मामींचे अश्रू मामींना परत केले. आता प्रश्नानंतर "छे!" येते. मग मामा अडकित्त्याने बराच वेळ सुपारी कातरीत राहतात, आणि ते दृश्य मी कोठेही तोडलेले नाही. त्या कातरण्यातच सारे उत्तर आहे, असे मला वाटते. परंतु तो माझा तर्क झाला, पुरावा नव्हे.