रिकामी बॅग, भरलेला डबा

प्रोजेक्ट बंद पडला, तीन महिने बेंचवर बसलो आणि मग एचआरने गोड हसून राजीनामा मागितला. आईला सांगायची हिंमत होईना. आठवडाभर डबा घेऊन निघायचो आणि चर्चच्या मागच्या बाकावर बसायचो. (डबाही तिथेच खायचो!) प्रार्थना सुचायचीच नाही.

एकदा आजीने सांगितलेल्या पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात आईवडील गेले, 1882 मध्ये नवरा गेला. तरी केडगावात बसून हिब्रू, ग्रीक शिकून बाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. आणि मला जावा सोडून दुसरं काही शिकायचा कंटाळा!

त्याच रात्री आईला सगळं सांगितलं.
"माहीत होतं रे. तुझी लॅपटॉपची बॅग कपाटातच आहे की."

नोकरी अजून नाही. बाकावर मात्र बसतो, आता लपायला नाही.