धनकोची कैफियत

मराठीच्या तासाला मी मुलांना एक प्रश्न हटकून विचारतो : दिवाळी आणि दिवाळे यांचे नाते काय? मुले हसतात. मग मी त्यांना जुनी हकीकत ऐकवतो. पेढी बुडाली की पेढीवाला म्हणे भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, आणि त्या दिव्याचा अर्थ साऱ्या पेठेला कळे. त्यावरूनच दिवाळे हा शब्द आला असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ते चित्र मनातून जात नाही.

त्या चित्रात एक माणूस मात्र कधीच दिसत नाही. तो म्हणजे ज्याचे पैसे बुडाले तो! ऋणकोसाठी आपल्या कथा-कादंबऱ्यांनी पुष्कळ अश्रू ढाळले. धनको म्हटला की पोट सुटलेला सावकारच डोळ्यांपुढे येतो. पण आमच्या शहापूरकडे येऊन पाहा. हा भंडाऱ्याचा धानाचा मुलूख. धान घालून, पैसे पुढच्या आठवड्यात मिळतील या भरवशावर चिठ्ठी खिशात घालणारा शेतकरी हा त्या व्यापाऱ्याचा धनकोच नव्हे काय?

माझ्या लहानपणी अशाच एका व्यापाऱ्याने हात वर केले. बातमी फुटली त्याच रात्री, ज्यांच्यापाशी गाड्या आणि दांडगी माणसे होती त्यांनी गोदाम रिकामे केले. सकाळी उरलेले लोक चिठ्ठ्या घेऊन ओट्यावर बसले. त्यांत एक म्हातारी होती. रक्कम तिची सर्वांत लहान, पण गेली ती तिलाच सर्वांत जड.

दिवाळखोरीचा कायदा बुडव्याला पाठीशी घालतो असे आपण समजतो. मला तर वाटते, तो मुख्यतः त्या एका रात्रीसाठी केलेला आहे. गावातल्या एकट्यादुकट्या व्यापाऱ्याला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. त्यात अवघे 500 रुपये येणे असलेला धनकोही जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. ऋणको नादार ठरला की त्याची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मग गोदामाला कोणी परस्पर हात लावायचा नाही. आधीच्या दोन वर्षांत मेहुण्याच्या नावे फुकट केलेली जमीन परत आणता येते. शेवटच्या तीन महिन्यांत मर्जीतल्या एकालाच मुद्दाम चुकते केले असेल, तर तेही रद्द होते. तारण घेतलेल्याचा हक्क तारणावर राहतो. कायद्याने आधी द्यायची देणी दिली की बाकीच्यांना येण्याच्या प्रमाणात वाटणी. ऋणकोची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे मात्र त्याचीच राहतात. दयेला जागा आहे. पण म्हातारीच्या पैशांतून नव्हे.

कंपन्यांसाठी 2016 साली नवी संहिता आली. तिच्यात रांग अधिक रेखीव आहे. कंपनी मोडीत निघाली तर प्रथम कारवाईचा खर्च. मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे येणे आणि तारणवाले धनको बरोबरीने. भागधारक अगदी शेवटी. पण कंपनी मोडण्याऐवजी दुसऱ्याने घ्यायची ठरली, की निर्णय कर्ज देणाऱ्यांच्या समितीचा, 66 टक्के मतांनी. आणि मत माणशी नसते, रुपयांवर असते! मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सचे प्रकरण 2019 मध्ये न्यायाधिकरणात गेले. सुमारे 87,000 कोटींच्या दाव्यांपोटी सुमारे 34,250 कोटींची पिरामल समूहाची योजना 2021 मध्ये मंजूर झाली. मोठ्या ठेवी असणाऱ्यांच्या हाती रुपयामागे चार आणेही आले नाहीत. ते कोर्टात भांडले. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना कायम केली. रात्रीची लूट थांबली खरी, पण दिवसाढवळ्या झालेल्या मोजणीतही लहानाचे माप लहानच राहिले.

म्हणून कायदा नको असे मी म्हणणार नाही. ओट्यावर बसण्यापेक्षा रांगेत उभे राहणे केव्हाही बरे. मात्र त्या रांगेत नाव आपोआप लागत नाही. दावा मुदतीत मांडावा लागतो, आणि येणे कागदाने सिद्ध करावे लागते.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पूजतात. वाचकहो, त्या वहीत ज्यांची नावे देण्याच्या बाजूला आहेत, त्यांनीही त्या दिवशी आपल्या चिठ्ठ्या आणि पावत्या एकदा काढून पाहाव्यात. लक्ष्मी चंचल आहे. कागद तेवढे जागेवर असू द्यावेत.