वरचा चर, खालची विहीर



आमचं रान माथ्याला आहे. समतल चर गाळानं भरून गेले होते, पण दोन वर्षं मी हात लावला नाही. कारण सांगायला लाज वाटते. चरात मुरलेलं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला उतरतं, आणि बांधावरून आमचं बोलणं बंद.

आमच्या नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाकर होऊन गेले. मूळचे स्वित्झर्लंडचे, जेसुइट धर्मगुरू. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी ‘वॉटर’ संस्था उभी केली. २०२१ मध्ये फादर गेले. पाणलोटाचं त्यांचं काम माथा ते पायथा. आधी वर चर खणायचे, मग खाली बंधारा. म्हणजे घाम वरच्याचा, पाणी खालच्याला. खालचा कोण, कुठल्या जातीधर्माचा, हे पाणी विचारत नाही.

मी ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ऐकतो. ऐकायचं आणि घरी येऊन चर तसेच ठेवायचे, हे काही जुळेना. म्हणून यंदा उपवासकाळात रोज सकाळी दोन तास कुदळ-फावडं घेतलं. गाळ चराच्या खालच्या अंगाला टाकून भराव नीट केला, त्यावर गवत लावणार आहे.

चौथ्या दिवशी शेजारी वर आला. काही बोलला नाही. घमेलं उचललं.

बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. पण चर मोकळे झालेत. तुमचेही पावसाआधी बघून घ्या.