रिमोट कुणाच्या हातात?

दुपारची जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला, की आजी पदराला हात पुसत पुढच्या खोलीत येत. वेताची खुर्ची जरा पुढे ओढत, चष्मा बदलत आणि रिमोट हातात घेत. एक लाल बटण आणि मग ओळीने तीन आकडे. ते आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. पडद्यावर मराठी मालिका सुरू होई आणि बडोद्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दीड-दोन तास मराठी बोलणे भरून राही.

आजींचे वय ७३. लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून ३४ वर्षे नोकरी केली. २०२३ मध्ये आजोबा गेले. मुलगा कारखान्यात अधिकारी, सून बँकेत, नातू कॉलेजात. सकाळी साडेनऊला दार बंद झाले, की संध्याकाळी सहापर्यंत घरात आजी एकट्या. त्या मधल्या वेळात त्यांना सोबत होती ती या टी.व्ही.ची.

एका रविवारी मुलगा महिन्याची बिले घेऊन बसला. केबलचे साडेतीनशे, इंटरनेटचे सातशे. ‘‘एकाच घरात दोन वायरी कशाला?’’ तो म्हणाला. नातवाला तेवढेच हवे होते. ‘‘बाबा, केबल आता कोण बघतं? छोटा बॉक्स आणू. इंटरनेटवर सगळं दिसतं, हवं तेव्हा दिसतं.’’ सुनेने हिशेब केला. वर्षाचे ४,२०० रुपये वाचत होते. आठवड्याभरात तळहातावर मावेल एवढी काळी डबी आली, टी.व्ही.च्या मागे खोचली गेली आणि अर्ध्या तासात सगळे सुरूही झाले. केबलचा जुना बॉक्स परत न्यायला केबलवाला आला, तेव्हा त्याने आजींकडे पाहून विचारले, ‘‘माशी, केबल बंध करावी दीधुं?’’ आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुलांनी केलंय, चांगलंच असेल.’’

घरात सर्वांत जास्त टी.व्ही. आजी पाहत. पण त्यांना विचारावे, असे कुणाच्या मनातही आले नव्हते.

वायरीतून आलेली मराठी

आजींचे आणि त्या वायरीचे नाते जुने होते. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा वाड्यात टी.व्ही. होता तो यांच्याकडेच. रविवारी सकाळी बाहेरच्या चपलांवरून घरात किती माणसे आहेत ते कळे. पण गच्चीवरच्या अँटेनावर मराठी कार्यक्रम मात्र दिसत नसत. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले होते, तरी त्याच्या लहरी बडोद्यापर्यंत कुठल्या पोहोचायला? मुंबईची बहीण फोनवर नाटकांविषयी, मालिकांविषयी बोले आणि आजी नुसत्या ऐकत.

नव्वदच्या दशकात केबल आली. १९९४ मध्ये दूरदर्शनची उपग्रहावरची मराठी वाहिनी सुरू झाली, तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा गावांतल्या मराठी घरांना हा मोठाच आधार होता. शाळेत गुजराती, बाजारात गुजराती, नातवाच्या तोंडी निम्मी हिंदी. अशा घरात रोज ठरल्या वेळी शुद्ध, ठसठशीत मराठी ऐकू येऊ लागली. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘ट्राय’चे नवे दर लागू झाले. पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये आणि वर कर, बाकीच्या वाहिन्या ज्याच्या त्याने निवडायच्या. तेव्हा आजोबांनी कागद-पेन्सिल घेऊन यादी केली होती. सगळ्यांत वर त्यांनी मराठी वाहिन्या लिहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. दोघांनी ते शेजारी शेजारी बसून पुन्हा एकदा पाहिले होते.

आगगाडी आणि रिक्षा

नव्या डबीचे पहिले दिवस मजेत गेले. नातवाला परदेशी मालिका मिळाल्या, मुलाला जुने हिंदी चित्रपट. रात्री जेवताना कुणालाही कुठूनही काहीही पाहता येऊ लागले.

गंमतही झाली. क्रिकेटचा सामना रंगात आला होता. गोलंदाज अजून धावतच होता आणि शेजारच्या घरातून ‘‘आउट!’’ अशी आरोळी आली. त्यांच्याकडे केबल, यांच्याकडे इंटरनेट. इंटरनेटवरचे चित्र छोट्या छोट्या तुकड्यांनी येते आणि डबी काही सेकंदांचे तुकडे आधी जमवून मगच दाखवते. म्हणून थेट प्रक्षेपणही थोडे मागे राहते. त्या संध्याकाळी प्रत्येक बळी आधी भिंतीतून आणि मग पडद्यावर पडला.

केबल आणि ही डबी यांत खरा फरक आगगाडी आणि रिक्षा यांच्यातला आहे. केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकाच वेळी घराघरांत येत असतात. गाडी वेळेवर स्टेशनात येते, तुम्ही फक्त चढायचे. नवी डबी रिक्षासारखी. दारात उभी राहते, हवे तिथे नेते, पण कुठे जायचे ते सांगितल्याशिवाय हलत नाही. तरुण माणसाला हे स्वातंत्र्य वाटते. पण ज्याला आयुष्यभर ठरल्या वेळच्या गाडीची सवय, त्याला दर वेळी पत्ता सांगताना धाप लागते.

आजींच्या हाती आता दोन रिमोट आले होते, एक टी.व्ही.चा आणि एक डबीचा. डबीच्या रिमोटवर आकडेच नव्हते. नातवाने पहिल्याच संध्याकाळी शिकवले. ‘‘हे बघ आजी, इथे जायचं, मग खाली, मग उजवीकडे, मग मधलं बटण. सोप्पं आहे!’’ त्याचा अंगठा भराभर फिरला, चित्रे सरकली, मालिका लागली. ‘‘कळलं ना?’’ आजींनी मान हलवली. वर्गातली मुले अशी मान हलवत, तेव्हा त्यांना काहीही कळलेले नसते हे ३४ वर्षे शिकवलेल्या आजींना चांगलेच ठाऊक होते.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून टी.व्ही.च्या रिमोटवरचे कुठले तरी बटण दाबले गेले. पडदा निळा झाला आणि ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे इकडून तिकडे फिरू लागली. पाचव्या दिवशी मालिका लागण्याऐवजी पडद्यावर कोड मागितला गेला. तो कोड आला मुलाच्या मोबाइलवर. आजींनी फोन केला. ‘‘आई, मी मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी बघतो.’’ संध्याकाळी त्याने दोन मिनिटांत सगळे ठीक करून दिले. पण त्यानंतर आजींनी फोन केला नाही.

जिन्यातला एक प्रश्न

तीन आठवडे गेले. आजी आता दुपारी पडतात, जप करतात, अशी घरात सगळ्यांची समजूत झाली होती. सुनेला तर बरेच वाटले होते. डोळ्यांना तेवढाच आराम!

एका संध्याकाळी जिन्यात शेजारच्या बेन भेटल्या. हातात भाजीची पिशवी, तोंडावर नेहमीचे हसू. त्या सहज म्हणाल्या, ‘‘तुमच्या सासूबाईंबरोबर मी पण मराठी शिकायला लागले हां! रोज दुपारी आमच्याकडे येतात ना सिरियल बघायला. तुमचा टी.व्ही. अजून रिपेर नाही झाला?’’

सुनेला काय उत्तर द्यावे ते सुचेना. टी.व्ही. तर रोज रात्री अकरापर्यंत चालू होता. तिने ‘‘होईल आता,’’ असे काहीतरी म्हटले आणि ती वर आली. आपल्या घरात टी.व्ही. असताना आपल्या सासूबाई दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतात, हे तिला लागले. आणि तीन आठवड्यांत आपल्याला त्याचा पत्ताही लागू नये, हे त्याहून जास्त.

रात्री तिने विषय काढला. आजी आधी टाळू लागल्या. मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, तुम्ही दिवसभर दमून येता. बटण चुकलं म्हणून किती वेळा बोलवायचं? शिवाय एकदा वाटलं, काही बिघडवून ठेवलं तर? महागाची वस्तू.’’

मुलगा गप्पच झाला. ज्या बाईंनी या वस्तीतल्या दोन पिढ्यांना अक्षर ओळखायला शिकवले, तीच आपली आई आपल्याच घरात बटण दाबायला भीत होती. ‘‘उद्याच केबल परत घेऊ,’’ तो म्हणाला.

आजींनी हाताने थांबवले. ‘‘केबल कशाला? शिकता येतं सगळं. पण शिकवणाऱ्याने नीट शिकवावं.’’ त्या नातवाकडे वळल्या. ‘‘रिमोट माझ्या हातात दे. तू हात लावायचा नाहीस. फळ्यावर बाईच गणितं सोडवत राहिल्या, तर मुलं कधी शिकणार?’’

आजींची वही

मग तीन रविवार शिकवणी चालली. नातू मागे हात बांधून उभा राही आणि नुसते सांगे. बटणे आजी दाबत. चुकल्या तर चुकू द्यायचे. परत कसे यायचे तेच आधी शिकायचे, हा नियमही त्यांचाच. ‘घर’ असे चित्र असलेले बटण दाबले, की कितीही चुकले तरी मूळ जागी येता येते, हे एकदा कळल्यावर निम्मी भीती गेली.

त्यांनी शाळेतली दोनरेघी वही काढली आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात पायऱ्या लिहिल्या. ‘१. दोन्ही रिमोट चष्म्याजवळ ठेवावेत. २. पडदा निळा झाल्यास टी.व्ही.चा रिमोट घ्यावा, बाणाचे बटण दाबून डबीचे नाव निवडावे.’ नातवाने मराठी वाहिन्यांची चित्रे पडद्यावर सगळ्यांत पुढे आणून ठेवली. त्यांतल्या काहींवर वाहिनी थेट, ठरल्या वेळीच दिसते हेही कळले. आजींना त्यांची वेळेवरची आगगाडी परत मिळाली. रिमोटवर माइकचे चित्र असलेले बटण दाबून मालिकेचे नाव बोलले, की बहुधा ती समोर येते. पहिल्यांदा तसे झाले, तेव्हा आजी चक्क लाजल्या.

खर्चाचाही पुन्हा हिशेब झाला. केबलचे वाचलेले पैसे एकेका वर्गणीत हळूहळू निघून गेले होते. एक क्रिकेटसाठी, एक नातवाच्या मालिकांसाठी, एक कुणीच पाहत नसलेली. ती शेवटची बंद झाली. सुनेने प्रत्येक वर्गणीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून टाकली. इंटरनेट बंद पडले तर दुपार सुनी जाऊ नये, म्हणून गच्चीवर दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ची छोटी छत्री बसली. तिला महिन्याचे भाडे नाही आणि तिच्यावर ‘सह्याद्री’ दिसते. छत्री बसवायला आला तो जुना केबलवालाच. तो आता इंटरनेटच्या जोडण्याही देतो. आजींनी त्याला चहा दिला आणि वहीही दाखवली.

आज कितीतरी घरांत अशी अदलाबदल चालली आहे. ती करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न. मोबाइलच्या इंटरनेटवर टी.व्ही. पाहायचा असेल, तर स्वच्छ चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, हे आधी लक्षात घ्यावे. पण त्याहीआधी घरात टी.व्ही. सर्वांत जास्त कोण पाहते, ते बघावे आणि त्या माणसाला विचारावे. त्याच्या हाताला नवे वळण पडेपर्यंत जुनी वायर महिनाभर राहू द्यावी. महिन्याचे साडेतीनशे रुपये जास्त गेले, तरी तो खर्च वाया जात नाही. घरातले म्हातारे माणूस ‘‘चांगलंच असेल’’ म्हणते, तेव्हा त्याला होकारच समजू नये.

दिवाळीनंतर शेजारच्या बेनच्या मुलानेही तसलीच काळी डबी आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी बेन दारात उभ्या. चेहरा उतरलेला. ‘‘काही समजतच नाही हो!’’

आजींनी चष्मा घेतला, वही काखेत मारली आणि त्या त्यांच्याबरोबर निघाल्या. शेजारच्या घरात बेननी रिमोट त्यांच्यापुढे धरला. आजींनी तो घेतला नाही. खुर्ची ओढून त्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘रिमोट तमे पकडो, बेन. मी सांगते.’’