सांत्वनपत्र शिकवताना



पत्रलेखनात आपण मुलांना अभिनंदनपत्र, मागणीपत्र, तक्रारपत्र, विनंतीपत्र असं सगळं शिकवतो. सांत्वनपत्र मात्र बहुतेक ठिकाणी पाठ करून घेतलं जातं. दुःखद वार्ता समजली, मनाला धक्का बसला, ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही, मृतात्म्यास शांती लाभो, खाली ‘तुझा मित्र’, आणि झालं पत्र. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण शेजारच्या बाकावरच्या मुलीचे वडील खरोखरच गेले, तर या पाठ केलेल्या पत्राचं मुलांनी काय करायचं?

गेल्या वर्षी माझ्या सातवीच्या वर्गात हे घडलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. एका मुलीच्या वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं आणि तालुक्याच्या गावी नेईपर्यंत सगळं संपलं. वय 43. घरात आजी, आई, दहावीतला मुलगा आणि ही मुलगी.

ते शिंपी होते. एसटी स्टँडसमोर आठ बाय दहाचं दुकान, एक मोटर लावलेलं मशीन आणि एक जुनं पायमशीन. शाळेच्या गणवेशाचे पैसे व्यवस्थापन समितीकडे यायचे तेव्हा एका गणवेशाला 300 रुपये मिळत. त्यात कापड आणि शिलाई बसवायची म्हणजे काय कसरत असते, हे ज्यांनी ते काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण हा माणूस शाळेत येऊन एकेका पोराचं माप घ्यायचा. ढीग आणून ‘ज्याला जो बसेल तो घ्या’ असं त्यांनी कधी केलं नाही. उरलेल्या कातरणाची तान्ह्या बाळांसाठी कुंची-झबली शिवून द्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. संध्याकाळी सहाला मशीनवर कापड झाकायचं आणि लेकीला सायकलवर पुढे बसवून घरी न्यायचं, हा नेम. लग्नसराईतसुद्धा सहा म्हणजे सहा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण तेवढ्यापुरतंच.

बातमी आली त्या दिवशी परिपाठात दोन मिनिटं स्तब्धता पाळली. ती पाळावीच, पण तेवढ्यावर मुलांचं भागत नाही. स्तब्धता संपली आणि माझ्या वर्गात पहिला प्रश्न आला, “सर, ती आता शाळेत येणार नाही का?” दुसरा, “ती आल्यावर तिच्याशी बोलायचं का नाही?” मोठ्यांना पडणारा प्रश्नही हाच असतो. फक्त आपण तो विचारत नाही.

दोन दिवसांनी मी पत्रलेखनाचा तास घेतला. फळ्यावर मायना सोडून काहीच लिहिलं नाही. सांगितलं एवढंच, “तिच्या बाबांना तुम्ही पाहिलंय. त्यांची तुम्हाला आठवणारी एक गोष्ट लिहा. ‘धक्का बसला’ लिहायचं नाही. ‘रडू नकोस’ हेही लिहायचं नाही, कारण रडायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं.” ही दुसरी अट काही मुलांना विचित्र वाटली. आपल्याकडे सांत्वन म्हणजे रडणं थांबवणं, असाच समज आहे ना!

सुरुवातीला पेन्सिली चावणं झालं. मग एकाने लिहिलं, ‘तुझे बाबा माप घेताना माझ्या पोटाला गुदगुल्या व्हायच्या म्हणून आधी मला हसून घ्यायला सांगायचे.’ एकीने लिहिलं की त्यांच्या कानावर कायम खडू असायचा, आणि एकदा तो तसाच ठेवून ते देवळात आले होते. एका मुलाने, जो एरवी चार ओळींच्या वर जात नाही, लिहिलं, ‘माझ्या चड्डीला तुझ्या बाबांनी चार बोटं माया ठेवली होती. म्हणाले, हा लवकर वाढणार. आईने ती आता उसवली आहे. चड्डी अजून येते.’

शिवणीत पुढे सैल करता यावं म्हणून जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. या शब्दावर मी वर्गात काहीही बोललो नाही. गरज नव्हती.

त्यातल्या एका पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. लाल पेन मी बाजूलाच ठेवलं. तुम्हीही अशा पत्रांना गुण देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

नंतरच्या तासाला मुलांनी शब्दांबद्दल विचारलं, आणि तो तास फार छान रंगला. जिवंत माणसाला आपण ‘श्रद्धांजली’ म्हणत नाही, पण ‘आदरांजली’ कशी चालते? गावात लागलेल्या फलकांवर कुठे ‘कैलासवासी’, कुठे ‘वैकुंठवासी’ असं का? शैव-वैष्णव हा भेद त्यात आहे, आणि माळकऱ्याच्या घरी ‘वै.’ लिहितात. बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ म्हणतात, मुस्लिम माणसाबद्दल वर्तमानपत्रात ‘पैगंबरवासी’ छापतात, ख्रिस्ती माणसाबद्दल ‘ख्रिस्तवासी’. कोणाच्या घरी पत्र पाठवायचं ते माहीत नसेल तर ‘दिवंगत’ सगळ्यांना चालतं. ‘वारले’, ‘निवर्तले’, ‘देवाज्ञा झाली’, आणि गावाकडचं साधं ‘गेले’. मला स्वतःला ‘गेले’ हा शब्द सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. एका मुलाच्या आजोबांनी त्याला जुनी चाल सांगितली होती, तीही वर्गात आली. पूर्वी मृत्यूची बातमी पोस्टकार्डाचा कोपरा फाडून पाठवत, वर ‘श्री’ लिहीत नसत, आणि ते कार्ड वाचून दाराबाहेरच फाडून टाकत. आजच्या मुलांना पोस्टकार्डच दाखवावं लागतं, ती गोष्ट वेगळी. मोबाइलवर हात जोडलेलं चित्र आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एका बोटाने पुढे ढकलणं यांना ठाऊक आहे. एका गटात तर त्याच्या खालीच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता!

आता भेटायला जाण्याबद्दल. तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर संध्याकाळी मी आणि आमच्या एक बाई त्यांच्या घरी गेलो. दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. घरात चूल पेटलेली नव्हती, शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येत होती. आपल्या रीतींतली ही रीत मला फार शहाणी वाटते. कोणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत बसत नाही, सरळ जेवण आणून ठेवतात. दुःखातला माणूस काय लागतंय ते सांगूच शकत नाही.

सगळ्याच रीतींबद्दल मात्र असं म्हणता येत नाही. आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मुलीच्या आईच्या बांगड्यांचा विषय काढला होता म्हणे, तोही पोरांच्या देखत. आजीने तिथल्या तिथे थांबवलं. “माझा ल्योक गेलाय. तिच्या बांगड्या फोडून माघारी येणार हाय का त्यो?” 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही तो कित्ता गिरवा म्हणून परिपत्रक काढलं. आजीला त्यातलं काही माहीत नव्हतं. मुलगी पुढे कितीतरी दिवस वडिलांबद्दल अवाक्षर बोलली नाही, पण आजीने आईच्या बांगड्या राखल्या ही गोष्ट तिने मैत्रिणीला पहिल्याच दिवशी सांगितली. मुलं कोपऱ्यात बसून सगळं बघत असतात, एवढं पालकांनी ध्यानात ठेवावं.

लहान मुलांना ‘बाबा झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगू नका. ते खरंच वाट बघतात, किंवा झोपायला घाबरतात. ‘बाबा वारले, ते आता परत येणार नाहीत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही’ एवढं सरळ सांगावं. तिसरं वाक्य अनावश्यक वाटेल, पण आदल्या दिवशी बाबांशी भांडलेल्या पोराला तेच हवं असतं. आणि दहावीतल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता’ असं कृपा करून म्हणू नका. या मुलाला ते तेरा दिवसांत किमान वीस जणांनी ऐकवलं. तेराव्यानंतर तो शाळेत आला नाही. दुकानात बसून काजं-बटणं करू लागला.

तिथे मग शब्दांचं सांत्वन थांबतं आणि कागदांचं सुरू होतं. शिक्षक म्हणून आपण हे करू शकतो, म्हणून नीट लिहितो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, गावात ती ग्रामपंचायतीत होते. पुढचं प्रत्येक काम त्या दाखल्यावर अडतं, त्यामुळे प्रती जास्तच घ्याव्यात. मग गेलेल्या माणसाचं बँकेचं पासबुक भरून आणावं आणि त्यात मे महिन्याच्या आसपास 436 रुपये कापल्याची नोंद दिसते का ते पाहावं. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते, आणि वारसाला 2 लाख रुपये मिळतात. आपण हा विमा काढलाय हे कित्येकांनी घरी सांगितलेलंच नसतं. इथेही तसंच होतं, नोंद दिसल्यावर वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून 20 हजार रुपये एकदाच मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात. आणि शाळेच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची ती बालसंगोपन योजना, जिच्यात एक पालक गमावलेल्या मुलासाठी महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचा अर्ज द्यायचा. शेती असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यावा. यांना शेती नव्हती.

हे कागद जमवायला आम्हाला दीड महिना लागला. एका कार्यालयात एकाच दाखल्यासाठी चार वेळा बोलावलं, त्याचं वर्णन करत नाही, तुम्हालाही तसले अनुभव असतील. पण विम्याच्या अर्जाची पोच हातात आली त्या दिवशी वहिनी मुलाला म्हणाल्या, “उद्यापासून शाळेत जा. काजं मी करते.” तो जानेवारीत परत आला. सराव परीक्षेत गणित कच्चं राहिलं, पण मार्चला बसला आणि पास झाला.

मुलीचं सांगायचं राहिलं. ती चौदाव्या दिवशी आली. वर्गाला मी एवढंच सांगून ठेवलं होतं की घोळका करायचा नाही, तिची नेहमीची जागा तशीच ठेवायची. पत्रांचा गठ्ठा मी तिला वर्गात दिला नाही, सुट्टीत आईच्या हाती दिला. त्या पत्रांबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त डिसेंबरमध्ये कधीतरी मधल्या सुट्टीत ती त्या चड्डीवाल्या मुलाला म्हणाली, “किती माया राहिली रे?” त्याने दुमड उलटी करून दाखवली. दोन बोटं शिल्लक होती.

वर्षश्राद्धाला अजून वेळ आहे. लोक तेराव्यापर्यंत येतात आणि मग येणं थांबतं, खरं तर जावं ते त्यानंतर. पहिली संक्रांत, मुलाचा निकाल, शाळा सुरू होण्याचा दिवस, अशा वेळी दहा मिनिटं बसून यावं. गेलेल्या माणसाचं नाव काढायला बिचकू नये. ‘तुमच्या यजमानांनी माझ्या झब्ब्याला आतून खिसा शिवला होता, अजून वापरतो’ असं म्हटलं की वहिनींचे डोळे भरतात, पण मग त्याच चहा टाकतात.

दुकानात त्यांची मापांची वही आहे. लांबट, तेलाचे डाग पडलेली. शाळेतल्या प्रत्येक पोराचं छाती-कंबर-उंचीचं माप वर्षावर्षाला एकाखाली एक लिहिलेलं. गेल्या जूनमध्ये वहिनींनी निरोप पाठवला, “रविवारी पोरांना दुकानात धाडा, मापं घ्यायचीत.” आम्ही गेलो. वहिनी टेप धरून आकडे सांगत होत्या आणि मुलगी वडिलांच्या अक्षराखालच्या ओळीत ते लिहून घेत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, “आई, याला चार बोटं ठेव. हा वाढतोय.”