तुरुंगाच्या विटा

जोहान्सबर्गमध्ये ब्रामफाँटेन आणि हिलब्रोच्या मधल्या टेकडीवर दक्षिण आफ्रिकेचं संविधान न्यायालय आहे. न्यायदालनाच्या भिंतीच्या लाल विटा इथल्याच तुरुंगाच्या. कच्च्या कैद्यांची इमारत पाडून त्या काढल्या. तिचे जिने मात्र उघड्यावर तसेच उभे ठेवले. जवळच काळ्या पुरुष कैद्यांचा जुना तुरुंग ‘नंबर फोर’ आहे. १९०८ साली गांधीजी या टेकडीवर बंदी होते, पुढे वर्णभेदविरोधी नेते रॉबर्ट सोबुक्वेही. इथे येणारा पहिल्यांदा त्यांच्याच खुणा शोधतो, ते स्वाभाविकही आहे. पण नंबर फोर भरून जायचा तो पासाच्या गुन्ह्यात पकडलेल्या साध्या माणसांनी. आणि वर्णभेदाची राजवट आतून कुणी खिळखिळी केली, याचं उत्तर त्यांना वगळून मिळत नाही.

१९५२च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाला पासाचं पुस्तक बाळगावं लागे. त्यात फोटो, बोटांचे ठसे, मालकाची सही. ज्याला शहरात राहण्याचा हक्क नव्हता, त्याला परवानगीशिवाय ७२ तासांहून जास्त थांबता येत नसे. लोक त्या पुस्तकाला ‘डोमपास’, म्हणजे मूर्ख पास, म्हणत. बायकांवरही तो लादला जाऊ लागला, तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० जणी प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जसमोर अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या. २१ मार्च १९६० रोजी सोबुक्वे पास न घेता अटक करून घ्यायला ऑर्लँडोच्या पोलीस ठाण्यावर चालत गेले. त्याच दिवशी शार्पव्हिलला ठाण्यासमोर तसेच पासाविना जमलेल्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात ६९ माणसं गेल्याची अधिकृत नोंद झाली.

हे सारं ठरवून केलेले लढे. पोटासाठी शहरात आलेल्या मजुराला त्यांच्या रांगेत का बसवायचं, असं कुणी विचारेल. त्याला क्रांती नव्हे, पगार हवा होता, हे खरंच आहे. पण काळ्या माणसाने शहरात राबावं आणि काम संपलं की निघून जावं, यावरच तर ती व्यवस्था उभी होती. तो मजूर तुरुंगातून सुटला की पुन्हा शहरातच यायचा, बायकामुलांना आणायचा, पत्र्याचं घर बांधायचा. इतक्या माणसांना रोज पकडून परत धाडणं अखेर सरकारच्या आवाक्याबाहेर गेलं आणि १९८६मध्ये पासाचे कायदे रद्द झाले. बाहेरच्या देशांच्या बहिष्काराचं श्रेय मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने वर्णभेदाविरुद्ध पहिला ठराव केला तो १ एप्रिल १९६० रोजी, शार्पव्हिलनंतर अकराव्या दिवशी. तिथली माणसं पासाविना ठाण्यासमोर जमली, तेव्हा त्यांच्या पाठीशी सुरक्षा परिषदेचा कुठलाच ठराव नव्हता.